हातातले हुन्नर आणि कागदावरची सही

मागच्या महिन्यात एका वलीम्याच्या निमित्ताने चुडाव्याला जाणे झाले. पूर्णा तालुक्यातले, पूर्णा–नांदेड लोहमार्गावरचे हे गाव. दस्तरखान उठल्यावर मंडळी अंगणात बाजेवर बसली आणि बोलणे निघाले ते घरच्या थोरल्या मुलाचे. वीस वर्षे हवाई दलात लढाऊ विमानांच्या इंजिनावर काम करून ते नुकतेच घरी परतले आहेत. वय अजून चाळिशीच्या आत. मुलगी आठवीत, मुलगा पाचवीत.

प्रत्येकाकडे सल्ला तयार होता. चाचा म्हणाले, "नांदेडला गाळा मिळतोय, किराणा टाक." मामूंचे म्हणणे, "आधी जमीन घे, जमीन कुठे पळून जात नाही." तिसऱ्याने बँकेतल्या गार्डच्या नोकरीचे नाव काढले. ते स्वतः गप्प होते. तेवढ्यात दाराआडून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, "वीस वर्षं हे विमान दुरुस्त करत होते. हे काम फौजेच्या बाहेर कुठं नसतंच का?"

अंगणात क्षणभर कोणी बोलले नाही. उत्तर आमच्याकडेही लगेच नव्हते. घरी येऊन चौकशी केली, जाणकारांशी बोललो. हा प्रश्न एका घरापुरता नाही, म्हणून या महिन्याचे हे पान त्या भाभींच्या प्रश्नाला देत आहोत.

हे काम बाहेर नक्की आहे. नागपूरच्या मिहानमध्ये मोठ्या प्रवासी विमानांची दुरुस्ती होते. आपल्याला जवळच्या हैदराबादेत शमशाबाद विमानतळावर होते, मुंबईत तर होतेच. पण फौजेतले हुन्नर आणि बाहेरचे काम यांच्यामध्ये एक सही उभी आहे. दुरुस्तीनंतर प्रवासी विमान पुन्हा उडवण्याआधी "हे विमान उड्डाणास योग्य आहे" अशी सही लागते. ती सही करण्याचा हक्क फक्त परवानाधारक इंजिनिअरला आहे आणि तो परवाना दिल्लीचे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, देते. सही हवाई दलातही होते आणि तिथली शिस्त कुठे कमी नाही. पण तिथला सहीचा अधिकार गणवेशाबरोबर असतो. गणवेश उतरला की तो तिथेच राहतो.

परवान्याचे प्रकार समजून घेतले की वाट दिसते. 'ए' प्रकारात ठराविक छोटी देखभाल आणि साधे दोष दूर करून सही करता येते. 'बी-1' मध्ये विमानाचा सांगाडा, इंजिन आणि विजेची यंत्रणा येते. 'बी-2' मध्ये इलेक्ट्रॉनिक्स, रेडिओ, उपकरणे येतात. हवाई दलात ट्रेड वेगवेगळे असतात. इंजिनवाला इंजिन पाहतो, विजेचे काम विजेवाला पाहतो. बी-1 ला हे सगळे एकाच माणसाला यावे लागते. त्यामुळे वीस वर्षे इंजिनात मुरलेल्या माणसालाही विजेचे धडे पुन्हा गिरवावे लागतात. नागरी विमानांचे कायदे आणि मानवी चुका कशा घडतात हा विषय, यांचे वेगळे पेपर आहेत. परीक्षा इंग्रजीत असते. बारावीला भौतिक, रसायन आणि गणित हवे, किंवा अभियांत्रिकी पदविका. पुष्कळांची गाडी इथे अडते, म्हणून पहिल्यांदा बारावीची गुणपत्रिका काढून पाहावी.

फौजेतला अनुभव वाया जातो का? नाही. तो धरला जातो, पण तो नागरी कामाच्या तोडीचा आहे हे कागदावर दाखवावे लागते. त्यावर नागरी विमानांवरचा काही काळाचा प्रत्यक्ष अनुभवही लागतो. परवाना मिळाला तरी मोठ्या विमानाच्या प्रत्येक जातीचे प्रशिक्षण आणि मान्यता निराळी. म्हणून बहुतेकांना सुरुवात बिनपरवान्याचा तंत्रज्ञ म्हणून, कमी पगारावर, आपल्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान मुलाच्या हाताखाली करावी लागते. माणसाला खरा जड जातो तो हा भाग. परीक्षा त्यामानाने सोपी.

चुडाव्याच्या या भावांची बरीच वर्षे मिग-21 च्या इंजिनावर गेली. 1963 पासून हवाई दलात असलेल्या या विमानाला 26 सप्टेंबर 2025 रोजी चंडीगडला निरोप दिला गेला. ही विमाने आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या ओझरच्या कारखान्यात बनली. आम्ही त्यांना विचारले, ते विमानच गेले, मग तुमच्या हातात काय उरले? ते म्हणाले, "मोजून काम करायची सवय उरली. प्रत्येक बोल्ट किती ताकदीने आवळायचा हे ठरलेलं असतं. कामानंतर पेटीतलं प्रत्येक हत्यार मोजून परत ठेवायचं. एक पाना कमी भरला तर तो सापडेपर्यंत विमान हलत नाही."

हे ऐकताना आम्हाला हजरत दाऊद (अलैहिस्सलाम) आठवले. अल्लाहने त्यांच्यासाठी लोखंड मऊ केले आणि चिलखताच्या कड्या नीट मापात जोडण्याची शिकवण दिली, हे कुरआनात आले आहे. ते बादशाह होते, तरी स्वतःच्या हाताच्या कमाईवर जगत. प्रेषितांनी (स.) हाताच्या कमाईला सर्वांत चांगली रोजी म्हटले, तेव्हा उदाहरण त्यांचेच दिले. युद्धासाठी लागणारी वस्तू मापात घडवणारा हात अमानतदार असतो. मग तो हात गणवेशात असो की साध्या कपड्यात.

आता पैशाचे. निवृत्त होताना पेन्शनचा निम्म्यापर्यंतचा भाग विकून एकरकमी रक्कम घेता येते. मग तेवढी पेन्शन पंधरा वर्षे कमी मिळते. म्हणजे एकोणचाळिसाव्या वर्षी घेतलेली रक्कम चौपन्नाव्या वर्षापर्यंत पुरवायची आहे. आपल्या अनेक घरांत व्याज नको म्हणून पैसा बँकेत मुदत ठेवीत ठेवत नाहीत. ही भावना आदराची आहे. पण त्यापायी तो पैसा घाईने दुकानात, जमिनीत किंवा नातेवाइकांच्या उसनवारीत जातो आणि वर्षभरात हात रिकामा होतो. आमचे म्हणणे एवढेच, की पहिले वर्ष काही विकत घेऊ नका. वर्षाचा घरखर्च आणि मुलांची फी बाजूला काढा. उरलेल्या बचतीवर चांद्रवर्ष पूर्ण झाले की अडीच टक्के जकात द्या. नवे काम कोणते, हे ठरल्यावरच मोठी रक्कम हलवा. ज्या माणसाने आयुष्यात तराजू धरला नाही, त्याने केवळ रिकामे बसवत नाही म्हणून किराणा टाकू नये.

विमानाचीच वाट धरली पाहिजे असेही नाही. केंद्र सरकारच्या गट क पदांत माजी सैनिकांना 10 टक्के जागा राखीव असतात, रेल्वेतही असतात, आणि आपला भाग रेल्वेच्या नांदेड विभागातच येतो. सरकारी बँकांच्या कारकून पदांत हे प्रमाण 14.5 टक्के आहे. महाराष्ट्र शासनाच्या भरतीतही माजी सैनिकांसाठी समांतर आरक्षण आहे. दहावी पास आणि पंधरा वर्षे सेवा झालेल्या सैनिकाला पदवीच्या समकक्षतेचे प्रमाणपत्र मिळते. ते गट क च्या पदांना चालते, डीजीसीएच्या परवान्याला मात्र उपयोगाचे नाही. या दोन्हींची गल्लत करू नये. नावनोंदणी आणि माहितीसाठी परभणीला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे.

आखाताकडे डोळे लावून बसलेल्या भावांनाही एक सांगणे आहे. तिथल्या विमान कंपन्या आपापल्या देशाचा परवाना मागतात, आपला परवाना तिथे जसाच्या तसा चालेलच असे नाही. "फौजी आहात, थेट लावून देतो" म्हणणाऱ्या एजंटाचे नाव परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट यादीत आहे का ते आधी पाहा. नोंदणीकृत एजंटालाही सेवाशुल्क म्हणून 30 हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही.

ज्यांची मुले अजून नोकरीत आहेत, त्या आई-वडिलांनी हे पान त्यांना जरूर पाठवावे. तयारी निवृत्तीच्या दोन-तीन वर्षे आधी सुरू व्हायला हवी. सेवेच्या शेवटी पुनर्वसन महासंचालनालयाचे अभ्यासक्रम करता येतात, ते सोडू नयेत. कोणत्या विमानावर किती वर्षे कोणते काम केले, याचे अधिकृत प्रमाणपत्र तिथे असतानाच मागून घ्यावे. लष्करी नोंदी घरी आणता येत नाहीत, आणि एकदा फाटकाबाहेर पडले की एका सहीसाठी महिनोन् महिने पत्रे लिहावी लागतात. अग्निवीरांना तर ही घाई अधिक. चार वर्षांनी चारातला एकच कायम होतो. बाकीच्यांना सुमारे 11.71 लाखांची सेवा निधी मिळते, त्यात त्यांच्या स्वतःच्या पगारातला हिस्साही आलाच. पेन्शन नाही. 2022 च्या अखेरीस भरती झालेली पहिली तुकडी 2026 च्या अखेरीस चार वर्षे पूर्ण करते. त्या मुलाने पहिल्या वर्षापासूनच पुढच्या कागदांचा विचार करायला हवा.

चुडाव्याहून परवा फोन आला. बोलत होत्या भाभी. हैदराबादला एका दुरुस्ती केंद्रात तंत्रज्ञ म्हणून त्यांना बोलावले आहे. पगार फौजेपेक्षा कमी. एक वर्ष ते तिकडे राहतील, डीजीसीएचे पेपर देतील. मुलांची शाळा मोडायची नाही म्हणून भाभी गावीच राहणार. वीस वर्षे त्या एकट्याच घर चालवत आल्या, हे आणखी एक वर्ष. "चाचा नाराज आहेत," त्या म्हणाल्या, "गाळा हातचा गेला म्हणतात. पण पैसे मी कपाटात कुलपात ठेवलेत, आणि किल्ली माझ्याकडे आहे."

आम्ही म्हणालो, भाभी, एवढी रक्कम घरात ठेवू नका, बँकेच्या चालू खात्यात ठेवा, त्यावर व्याज मिळत नाही. आणि चेकबुक मात्र तुमच्याच कपाटात असू द्या. त्या हसल्या. अल्लाह त्यांच्या कष्टांत बरकत देवो.