फोटो काढा आणि पाडा!

खान्देशातल्या बंद गिरण्यांचं काय करायचं, याचं उत्तर एका विचारवंतांना सापडलं आहे. उत्तर चार शब्दांचं आहे: फोटो काढा आणि पाडा. त्यांचं म्हणणं असं. मिलच्या भिंती धोकादायक, आत गर्दुल्ल्यांचा अड्डा, जागा ऐन शहरात आणि तिचा भाव सोन्याचा. यंत्रं केव्हाच भंगारात गेली. वारसा पाहायचा तर लळिंगचा किल्ला पाहा, पाटणादेवी पाहा. कारखान्याला कसला आलाय वारसा? तरी कुणाला गहिवर येत असेल तर त्याने चांगला कॅमेरा घेऊन जावं, चिमणीचे आणि गंजक्या जिन्यांचे फोटो काढावेत, प्रदर्शन भरवावं. झालं जतन. दाखला ते युरोपातल्या बंद कोळसाखाणींचा देतात. खाणी गेल्या, फोटो राहिले, जगाचं काय अडलं?

मी त्यांचं म्हणणं थोडं आखूड करून सांगितलं असेल. त्यांनीही दीडशे वर्षं एका अल्बममध्ये बसवली आहेत, तेव्हा फिटंफाट.

किरकोळ मुद्दे आधी उरकतो. भिंती लळिंगच्याही पडक्याच आहेत, म्हणून किल्ला पाडा असं कुणी म्हणत नाही. गर्दुल्ल्यांचा बंदोबस्त पोलिसांनी करायचा असतो, बुलडोझरने नव्हे. राहिला जागेचा भाव. खरा मुद्दा तेवढाच. बाकीचे त्याच्या बाजूने उभे केलेले साक्षीदार आहेत.

कारखान्याला वारसा नसतो, हे मात्र जळगाव-अमळनेरच्या भूमीवर उभं राहून म्हणायला छाती लागते. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेना, आणि इथल्या कपाशीला भाव आला. त्याच दशकात रेल्वे भुसावळपर्यंत पोचली आणि १८७०च्या दशकात जळगावात खान्देश मिल उभी राहिली. तिच्या जागेवर आज व्यापारी संकुल आहे. अमळनेरला प्रताप मिल झाली, धुळ्याला न्यू प्रताप. ज्या प्रतापशेठांची मिल, त्यांच्याच पुढाकाराने १९१६ साली अमळनेरात तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं. त्याच गावात शिक्षक असलेले साने गुरुजी पुढे गिरणी कामगारांच्या लढ्यात उतरले. आणि १९४५च्या डिसेंबरात वनस्पती तुपासाठी तिथेच जी कंपनी निघाली, तिला आज जग विप्रो म्हणतं. सूत, तूप, वेदान्त आणि संप हे सगळं एका तालुक्याच्या गावात! एवढ्यालाही वारसा म्हणायचं नसेल, तर मग तो शब्द देवळांनाच वाहून टाकावा.

आता मुख्य गोष्ट. फोटो म्हणजे जतन, हे म्हणणं मला नुसतं चुकीचं वाटत नाही, ते आळशीपणाचं वाटतं. खान्देशच्या काळ्या पाषाणात कोळशाची एकही खाण नाही. बॉयलरमध्ये जळणारा कोळसा रेल्वेने आला, म्हणून गिरणी रुळांशेजारी बसली. बॉयलरला ओढ हवी, म्हणून चिमणी उंच. विणकाम खात्याचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं, आणि त्यातल्या काचा उत्तरेकडे तोंड केलेल्या, कारण उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा असतो आणि ऊन थेट मागावर पडत नाही. हवा कोरडी पडली की सूत तुटतं, म्हणून खात्यात मुद्दाम दमटपणा राखलेला. जळगावच्या मे महिन्यात त्या दमट खात्यात पाळी भरणं काय असेल, ते तिथे उभं राहिल्यावर अंगाला कळतं. फोटोत काय दिसतं? त्रिकोणांची सुरेख नक्षी. रूळ, बॉयलर, चिमणी आणि खातं यांचं एकमेकांशी असलेलं नातं चौकटीबाहेर राहतं, आणि गिरणी म्हणजे तर तेच नातं.

त्यातून हल्लीच्या फोटोंची एक रीत आहे: माणूस दिसता कामा नये. पडकं छप्पर, तिरपा कवडसा, भिंतीतून उगवलेला पिंपळ. कामगारांवर देखरेख करणारा जॉबर नाही, बदली कामगार नाही, गठाण वाहणारा हमाल नाही. माणूस आलाच तर लग्नाआधीच्या शूटिंगचं नवं जोडपं येतं, तेही नऊवारीत आणि गॉगल लावून. फोटोखाली खातं कुठलं, साल कुठलं, काही नाही. खाली लिहिलेलं असतं "काळाच्या पाऊलखुणा". पाऊल कुणाचं, ते विचारायचं नाही.

फोटोवर एवढा विश्वास असणाऱ्यांनी एकदा चाळीसगावला जावं. केकी मूस तिथे रेल्वे स्टेशनजवळच्या घरात राहिले, आणि कित्येक वर्षं जवळजवळ घराबाहेर न पडता त्यांनी जगभर नावाजलेलं काम केलं. टेबलटॉप फोटोग्राफी ही त्यांची खासियत. टेबलावर साध्या वस्तू मांडून त्यातून असं दृश्य उभं करायचं, की पाहणाऱ्याला ते खरंच वाटावं. खान्देशातल्या सर्वांत मोठ्या छायाचित्रकाराने आपल्याला हेच दाखवून ठेवलं आहे की कॅमेरा टेबलावर गाव वसवू शकतो. मग गिरणी पाडल्यावर उरलेल्या फोटोची साक्ष कशाशी ताडून पाहायची? आणि मूस १९८९ साली गेल्यावर त्यांचं घर पाडून त्याचा फोटो भिंतीवर टांगला नाही. घराचंच संग्रहालय झालं.

युरोपाचा दाखला तर आमच्या विचारवंतांच्या अंगावरच उलटतो. बेर्न्ट आणि हिला बेखर या जर्मन जोडप्याने १९५९पासून खाणींचे मनोरे, भट्ट्या, पाण्याच्या टाक्या यांचे शिस्तीत फोटो काढले, हे खरं. पण डॉर्टमुंडच्या त्सोलर्न खाणीतलं यंत्रघर पाडायला निघाले, तेव्हा ते वाचवण्यासाठी धडपडणाऱ्यांत हेच दोघे होते, आणि १९६९ साली ते वाचलं. एसेनची त्सोलफरआइन खाण १९८६ साली बंद झाली आणि २००१ साली जागतिक वारसा यादीत गेली. ती उभी होती म्हणून गेली. अल्बमला ते स्थान मिळत नाही. घरचा दाखला हवा तर वरोऱ्याचा घ्या. तिथली कोळसाखाण १९०६ साली बंद झाली. आज वरोरा म्हटलं की आनंदवन आठवतं; खाण आठवणारा शोधावा लागतो.

इथे एक जुनं भांडण पुन्हा उकरतो. मागे एकदा असाच विषय निघाला, तेव्हा एका गृहस्थांनी मला सुनावलं होतं की कामगारांची देणी थकलेली असताना संग्रहालय मागणं ही चैन आहे. देणी आधी द्या, माझीही ना नाही. पण इमारत पाडल्यावर देणी मिळतात, हा शोध कुठला? उलट मस्टर आणि पगाराची पुस्तकं रद्दीत गेली, की देणं होतं हे सिद्ध करायलाही काही उरत नाही. त्या गृहस्थांनी तेव्हा उत्तर दिलं नाही, विषय बदलला.

मग करायचं काय? सगळं राखा असं मी म्हणत नाही. जिथे काही उरलं आहे तिथे एक चिमणी, एक बॉयलरघर आणि खात्याचा एक तुकडा, एवढं राखता येईल. एखादी जुनी जीन चालू स्थितीत राहावी, म्हणजे रुई आणि सरकी वेगळी कशी होते ते पोरांना दिसेल. पाचोरा-जामनेर लाइन, म्हणजे आपली पीजे, २०२०पासून थांबली. तिचं रुंदीकरण होतं आहे ते चांगलंच, पण पीजेचा एखादा डबा आणि एखादं छोटं स्टेशन राखायला रेल्वेला फार खर्च नाही. कागदांसाठी धुळ्याकडे पाहावं. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या नावाने तिथे उभ्या राहिलेल्या संशोधन मंडळाने मूळ कागद सांभाळले. नक्कल केली आणि अस्सल जाळलं, असं तिथे कुणी केलं नाही.

आणि फोटो? जरूर काढा, पण आधी माणसाचा काढा. तुमच्या घरात मिलचा पास, पगाराची चिठ्ठी, खात्यातल्या मंडळींचा एखादा ग्रुप फोटो असेल, तर तो रद्दीवाल्याला देऊ नका. घरातलं वडीलधारं माणूस बोलतं आहे तोवर त्या फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून घ्या: नाव, खातं, पाळी, साल.