चिठ्ठीवर न लिहिलेले

‘तारुण्यपीटिका’ हा शब्द ज्या कुणी घडवला, त्याच्या स्वतःच्या गालावर त्या कधी उठल्या नसाव्यात. तारुण्य या शब्दाचा मुलामा देऊन त्याने एका दुखण्याला शोभेची वस्तू करून टाकले. आपल्या घरांतून अजूनही हेच चालते. मुलाच्या तोंडावर मुरूम आले की मावशी-काकू हसतात आणि ‘वय झालं हो’ म्हणतात. मुलीला आले की हसणे थांबते आणि उपाय सुरू होतात. जायफळ उगाळून लावा, मुलतानी माती लावा, कडुलिंबाचा पाला वाटा, तेलकट बंद करा. यांतले काहीच लागू पडले नाही तर शेवटचा रामबाण ठरलेला: लग्न झाले की जातील!

बहुतेकांचे मुरूम खरोखरच वयाबरोबर जातात. हा लेख त्यांच्यासाठी नाही. हा लेख आहे तो ज्यांच्या गालांवर, जबड्यावर, पाठीवर सुपारीएवढ्या गाठी येतात, त्यांत पू होतो, कूस बदलली तरी दुखते आणि बऱ्या झाल्यावर मागे खड्डे राहतात, त्यांच्यासाठी. आणि त्यांच्या आईवडिलांसाठी.

या गाठी का होतात हे वैद्यकाला चांगले ठाऊक आहे. वयात येताना शरीरातल्या हार्मोन्समुळे त्वचेतल्या तैलग्रंथी जास्त तेल तयार करू लागतात. केसाच्या मुळाशी असलेले बारीक छिद्र बुजते, आत तेल साठते, तिथले जंतू वाढतात आणि सूज येते. ही सूज खोल उतरली की गाठ होते. अनेक घरांत हा वारसा आईवडिलांकडून येतो. यात अस्वच्छतेचा दोष नाही, अंगातल्या उष्णतेचा नाही, आणि एकलहऱ्याच्या राखेचाही नाही.

राखेचे नाव अशासाठी घेतले की आमच्या एकलहऱ्यात कुठल्याही दुखण्याचे खापर प्रथम तिच्यावर फुटते. गोदावरीकाठचे हे औष्णिक वीज केंद्र १९७० पासूनचे. २१० मेगावॉटचे तीन संच १९७९ ते १९८१ या काळात सुरू झाले. दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या सदऱ्यावरून बोट फिरवावे तर बोट करडे व्हायचे, असे ते दिवस. १९७९ साली मी एकोणीस वर्षांचा होतो आणि माझा चेहरा वसाहतीतल्या प्रत्येकाच्या चर्चेचा विषय होता. ‘राख बसते तोंडावर, दिवसातून पाच वेळा साबण लाव,’ असा सल्ला मिळे. साबणाने त्वचा सोलून निघाली. गाठी होत्या तिथेच राहिल्या.

वडिलांनी मला एका डॉक्टरांकडे नेले. त्यांनी माझ्याकडे पाहिले न पाहिले आणि टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल लिहून दिल्या. औषध त्या काळात योग्यच होते. जगभर मुरमांसाठी तेच देत. पण आमच्या घरात ‘कडक औषध’ म्हटले की त्याबरोबर पेलाभर दूध आलेच. आईने तीन महिने मला ती कॅप्सूल नेमाने दुधाबरोबर दिली. दुधातले कॅल्शियम या औषधाला बांधून ठेवते आणि ते अंगी लागू देत नाही, हे सांगायला डॉक्टरांना अर्धे मिनिट पुरले असते. ते अर्धे मिनिट आम्हाला मिळाले नाही. चिठ्ठी मिळाली, औषध मिळाले, बोलणे तेवढे राहिले. माझ्या गालांवरचे खड्डे आज सहासष्टाव्या वर्षी दाढीआड लपतात, एवढेच.

पुढे बँकेत अधिकारी झाल्यावर मला या गोष्टीचा अर्थ जरा निराळ्या तऱ्हेने कळला. कर्ज मंजूर करणे म्हणजे कागदावर सही करणे नव्हे. पैसे देण्याआधी माणसाची नीट चौकशी करायची, अटी त्याला समजतील अशा भाषेत सांगायच्या, आणि पैसे गेल्यावर शेतात जाऊन विहीर खरोखर खणली गेली का ते पाहायचे. सही आणि पाहणी यांतले दुसरे सुटले की पहिल्याला अर्थ उरत नाही. डॉक्टरच्या चिठ्ठीचेही तसेच आहे. औषध जितके प्रबळ, तितकी चिठ्ठीमागची बोलणी मोठी हवीत.

तीव्र मुरमांवर असे एक प्रबळ औषध आज आहे. त्याचे नाव आयसोट्रेटिनॉइन. अ जीवनसत्त्वाच्या कुळातले. मी दुधाबरोबर टेट्रासायक्लिन घेत होतो त्याच वर्षी, १९७९ मध्ये, गॅरी पेक या अमेरिकन डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. इतर कुठलेच औषध लागू न पडलेल्या चौदा रुग्णांना त्यांनी चार महिने हे औषध दिले. चौदांपैकी तेरा जणांचे मुरूम पूर्ण गेले आणि औषध थांबवल्यावरही पुष्कळ काळ परत आले नाहीत. तैलग्रंथीच आक्रसवणारे औषध तोवर कुणाच्या हाती नव्हते. १९८२ साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. आज ते आपल्याकडे तालुक्याच्या गावातही मिळते. ज्यांनी तोंडाला रुमाल बांधून कॉलेजची वर्षे काढली, त्यांच्यासाठी हे औषध म्हणजे खरोखरच सुटका आहे. हे आधी स्वच्छ सांगितले पाहिजे, कारण पुढे जे सांगायचे आहे ते ऐकून कुणी औषधालाच नाव ठेवू नये.

पुढचे असे की, हे औषध गर्भाला अतिशय घातक आहे. १९८५ साली एडवर्ड लॅमर आणि सहकाऱ्यांनी असे औषध पोटात गेलेल्या १५४ गर्भारपणांचा अभ्यास मांडला. त्यांतल्या बऱ्याच स्त्रियांनी गर्भपात करून घेतला होता, काहींचे गर्भ आपोआप पडले होते, आणि २१ बाळे व्यंग घेऊन आली होती. ही व्यंगे कान, चेहरा, हृदय आणि मेंदू यांची होती. म्हणून औषध चालू असताना आणि संपल्यावर एक महिना गर्भ राहता कामा नये, हा नियम जगभर पाळला जातो. अमेरिकेत २००६ पासून त्यासाठी संगणकावर सक्तीची नोंदणी आहे. गर्भ नसल्याची तपासणी झाल्याशिवाय मुलीला कॅप्सूल मिळत नाही. ब्रिटनमध्ये २०२३ साली अठरा वर्षांखालच्या मुलामुलींना हे औषध सुरू करायचे तर दोन तज्ज्ञांची संमती घेण्याचा नियम झाला. आपल्याकडे ते ‘शेड्यूल एच’मध्ये, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये अशा यादीत आहे. नोंदणी वगैरे काही नाही. जे काही संरक्षण आहे ते डॉक्टर, मेडिकलवाला आणि घरची माणसे यांच्या बोलण्यात आहे. आणि बोलण्याच्या बाबतीत आपण कसे आहोत, हे मी माझ्या भाचीच्या वेळी जवळून पाहिले.

२०१४ सालची गोष्ट. भाची वीस वर्षांची, कॉलेजात. तिच्या गालांवर माझाच वारसा उतरला होता. कुणा मैत्रिणीच्या सांगण्यावरून तिने मेडिकलमधून एक ट्यूब आणली. चिठ्ठी कुणी मागितली नाही. पहिल्या पंधरवड्यात चेहरा उजळला, सूज ओसरली, घरात सगळे खूश. दोन महिन्यांनी ट्यूब थांबवताच चेहरा लालबुंद झाला, आग होऊ लागली, आणि पूर्वीपेक्षा दुप्पट पुटकुळ्या आल्या. गालांवर बारीक लव दिसू लागली. ट्यूबमध्ये स्टेरॉइड होते. स्टेरॉइड सूज दाबते, म्हणून आधी गुण आल्यासारखा वाटतो. पण ते त्वचा पातळ करते आणि मुरूम वाढवते. थांबवले की आग होते, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो.

ही एकट्या आमच्या घरातली कथा नव्हती. देशातल्या बारा केंद्रांतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी २०११ साली एक पाहणी प्रसिद्ध केली होती. चेहऱ्याची तक्रार घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण तोंडाला स्टेरॉइड लावत होते, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिकांना ते डॉक्टर सोडून दुसऱ्याच कुणीतरी सुचवले होते. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने याविरुद्ध बराच आवाज उठवल्यावर २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा चौदा मलमांना असलेली सूट काढून घेतली. कागदावर आता तीही चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. दुकानाच्या काउंटरवर काय घडते ते वाचकांनी स्वतःच आठवून पाहावे.

भाचीला आम्ही नाशिकरोडच्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे नेले. त्यांनी आधी ती ट्यूब सोडवली. चेहरा निवायला काही महिने लागले. मग गाठींसाठी आयसोट्रेटिनॉइन द्यायचे ठरले. रक्तातली चरबी आणि यकृत यांच्या तपासण्या सांगितल्या. शेवटी त्यांनी शांतपणे विचारले, ‘पाळी नियमित आहे का? गर्भ राहण्याची काही शक्यता? एक लघवीची तपासणी करून घेऊ.’

माझी धाकटी बहीण ताडकन उठली. ‘डॉक्टर, आमची मुलगी तसली नाही. चल गं!’

बाई चिडल्या नाहीत. ‘ताई, बसा,’ त्या म्हणाल्या. ‘हा प्रश्न मी कलेक्टरच्या मुलीलाही विचारते. तो मुलीच्या चारित्र्याचा नाही, औषधाचा आहे. उद्या तुम्ही हिचं लग्न ठरवाल, मला कळवायचं लक्षात राहणार नाही, आणि गोळ्या चालू असतील. मग?’ मग त्यांनी आम्हा दोघांना बाहेर बसायला सांगितले आणि भाचीशी एकटीशी दहा मिनिटे बोलल्या.

त्या दहा मिनिटांत काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असायचे कारणही नाही. पण बाहेर आल्यावर भाचीला सगळे नियम पाठ होते. कॅप्सूल जेवणानंतर घ्यायची, कारण ती स्निग्ध पदार्थांबरोबर नीट अंगी लागते. अ जीवनसत्त्वाच्या वेगळ्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. टेट्रासायक्लिनच्या जातीचे औषध बरोबर घ्यायचे नाही, त्याने डोक्यातला दाब वाढू शकतो. औषध चालू असताना आणि नंतर एक महिना रक्तदान नाही, कारण ते रक्त एखाद्या गर्भवतीला दिले जाऊ शकते. आणि उरलेली कॅप्सूल मैत्रिणीला द्यायची नाही, तिने कितीही गळ घातली तरी. कॉलेजात रक्तदान शिबिर झाले तेव्हा तिने ‘औषध चालू आहे’ म्हणून सरळ सांगितले. त्याच हिवाळ्यात तिच्यासाठी एक स्थळ आले. बोलणी पुढे सरकू लागली तेव्हा तीच आईला म्हणाली, ‘कोर्स संपून महिना होऊ दे, मग तारीख काढा.’ बहिणीने तारीख पुढे ढकलली.

सहा-सात महिने ओठ फाटले, डोळे कोरडे पडले, एकदा नाकातून रक्त आले. ओठांना तूप आणि बाहेर पडताना ओढणी, असे चालले. गाठी गेल्या. जुने वण पूर्ण गेले नाहीत. ते कुठलेच औषध पुसत नाही, म्हणून तर उपचार वेळेवर व्हायला हवेत.

आणखी एक गोष्ट बाईंनी बहिणीला बजावली होती: मुलगी गप्प-गप्प होते का, झोप उडते का, याकडे लक्ष ठेवा. या औषधाने मन खचते, असा आक्षेप अनेक वर्षे घेतला जात आहे. अलीकडच्या मोठ्या अभ्यासांत रुग्णांच्या समूहात तसा धोका वाढलेला दिसला नाही. पण एखाद्या मुलाच्या बाबतीत काय होईल हे समूहाच्या सरासरीवरून कळत नाही. दुसरी बाजूही आहे. स्वीडनमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीव्र मुरमांच्या रुग्णांतील आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण औषध सुरू होण्याच्या आधीच वाढू लागलेले आढळले. म्हणजे ज्याला आपण ‘वय झालं’ म्हणून हसतो, ते दुखणे कोवळ्या पोराला त्या टोकाला नेऊ शकते. औषध नाकारणे हाही सुरक्षित मार्ग नव्हे.

म्हणून माझे म्हणणे थोडे आहे. घरच्यांनी डॉक्टरच्या खोलीत मुलीला एकटीने बोलू द्यावे आणि त्या एका प्रश्नाचा अपमान मानू नये. मेडिकलवाल्याने चिठ्ठी मागितली तर ‘नेहमीचा माणूस’ म्हणून रुसू नये. तो आपल्याच लेकरावर उपकार करत असतो. आणि डॉक्टरांनी गर्दीतून तेवढी मिनिटे काढावीत. ते जमत नसेल तर निदान मराठीत छापलेले एक पान हाती द्यावे. कॅप्सूलच्या खोक्यातला इंग्रजी कागद बारीक टायपात असतो. एकलहऱ्यातल्या किती आया तो वाचणार? राज्याचे आरोग्यविज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आमच्या नाशकातच आहे. त्याने पुढाकार घेऊन असे साध्या मराठीतले पान तयार केले आणि अन्न व औषध प्रशासनाने ते प्रत्येक औषध दुकानात ठेवायला लावले, तर खर्च कागदाचा आणि शाईचा.

त्या पानावर पहिल्या ओळीत लिहावे की मुरूम हा गुन्हा नाही आणि नखराही नाही. दुसऱ्या ओळीत लिहावे की औषध चालू असेपर्यंत आणि पुढे एक महिना गर्भ राहू देऊ नका. बाकीचे डॉक्टरांना विचारा, आणि विचारताना लाजू नका.