पहिल्या गाडीचा जमाखर्च

गेल्या हिवाळ्यात घोलवडला एका लग्नाला गेलो होतो. नवरदेवासाठी मुंबईहून भाड्याने एक जुनी मोटार आणली होती. लांबरुंद, पोट सुटलेली, क्रोमचे दात विचकणारी. तरुण मंडळी तिच्याभोवती फोटो काढण्यात दंग. एका भाच्याने विचारले, "मामा, ही कुठली हो?" मी काचेतून आत डोकावलो. गिअरचा दांडा स्टीअरिंगलाच लावलेला, पुढे सलग एकच बाक. "डॉज किंग्जवे," मी म्हणालो. "आमच्याकडे होती." मी बँकेत अधिकारी होतो, कादंबऱ्या लिहिल्या, पण त्या क्षणी त्याच्या डोळ्यांत दिसला तेवढा आदर मला कधी लाभला नव्हता.

आमचे गाव चिखले. डहाणूहून समुद्राच्या कडेने निघालात की नरपड मागे पडते आणि आमचे गाव लागते, पुढे घोलवड-बोर्डी. एका अंगाला सुरूची झाडे, दुसऱ्या अंगाला चिकूच्या वाड्या. अशा गावात अमेरिकन मोटार आली कशी, याची एक गंमत आहे.

मुळात ती पुरती अमेरिकन नव्हतीच. तिची जोडणी कुर्ल्याची. जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत शिवडीला मोटारी जोडत असे. मग वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, क्रायस्लर कंपनीशी करार केला आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या. डॉज, प्लिमथ, डिसोटो ही त्या घराण्यातली नावे. पुढे सरकारने नुसत्या जोडणीला मोडता घातला. सुटे भागही इथेच बनवा, असे धोरण आले. १९५४ मध्ये जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. हळूहळू रस्ते ॲम्बेसेडर आणि फियाटचे झाले. जुने हत्ती मात्र श्रीमंतांच्या दारी झुलत राहिले.

त्यांना खाली बसवले ते तेलाने. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले आणि काही महिन्यांत खनिज तेल जवळजवळ चौपट महागले. साडेतीन लिटरच्या आसपासचे ते सहा सिलिंडरचे इंजिन पोसायचे कसे? काहींनी डिझेलचे इंजिन बसवून गाडी टॅक्सीला लावली. काहींनी मिळेल त्या किमतीला काढून टाकली. अशीच एक, वीस वर्षे वापरलेली, १९७४ साली आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, विकत घेतली. किंमत जवळपास नव्या स्कूटरएवढी. आणि स्कूटरसाठी तर तेव्हा वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे.

मी तेव्हा अकरावीत, म्हणजे जुन्या मॅट्रिकच्या वर्गात होतो. मनोरला रेडिएटरमध्ये पाणी, चारोटीला पुन्हा पाणी, असे करत ती तिन्हीसांजेला गावात शिरली. आईने ओवाळले. अमेरिकेत म्हणे सोळा वर्षांचा मुलगा पहिली जुनी गाडी घेतो ती घराबाहेर पडण्यासाठी. आमच्याकडे पहिली गाडी आली ती अख्खे घर आत कोंबण्यासाठी! पुढे चार, मागे सहा, मांडीवरची मुले हिशेबात नाहीत. डिकीत चिकूच्या टोपल्या. गावातल्या किती वधू तिच्यातून सासरी गेल्या, याची मोजदाद नाही.

या आठवणी मी अनेकदा सांगितल्या आहेत, एका कादंबरीतही वापरल्या आहेत. पण आयुष्यभर खतावण्या तपासलेला माणूस मी. जमेची बाजू एवढी लांबली की नावेच्या बाजूला काय राहिले, ते पाहिल्याशिवाय चैन पडत नाही.

ती गाडी रोज सकाळी धुवायचे ते वाडीत कामाला असणारे एक वारली गृहस्थ. आम्ही मुले त्यांना काका म्हणायचो. स्टार्टरने दगा दिला, आणि तो नेहमीच देई, की काका पाड्यावरून दोन माणसे बोलावून आणत आणि धक्का मारत. गाडी सुरू झाली की आम्ही निघून जायचो. ते तिघे धुरात उभे. मागे वळून कुणी पाहिल्याचे मला आठवत नाही.

१९७५ च्या पावसाळ्यातल्या एका रात्री काका धावत आले. बायको अडली होती. दादांनी क्षणभरही विचार न करता गाडी काढली. मी कंदील घेऊन बरोबर. काकूंना मागच्या बाकावर निजवले. काका मात्र बसले खाली, पायांच्या जागेत. दादा म्हणाले, "अरे, वर बस." ते म्हणाले, "नको, कपडे ओले हायेत." दादांनी पुन्हा आग्रह केला नाही. मीही केला नाही. डहाणूच्या दवाखान्यात पहाटे मुलगा झाला. दादांच्या चांगुलपणाची म्हणून ही गोष्ट आमच्या घरात किती वेळा सांगितली गेली! ती खोटी नाही. फक्त, काका खाली बसले होते, हे वाक्य तिच्यातून दरवेळी गळत गेले. रोज ती बैठक पुसणारा माणूस तिच्यावर एकदाही बसला नाही.

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली, आणि काही वर्षांत आमची डॉज वजनावर भंगारात गेली. पुढे बँकेत मी किती जणांची मोटारकर्जे मंजूर केली. पहिल्या गाडीची किल्ली हातात घेणाऱ्याचा चेहरा कुणाचाही असो, सारखाच दिसतो.

परवाच्या लग्नात त्या पहाटे जन्मलेला मुलगा भेटला. आता पन्नाशीचा आहे. त्याला ती नटवलेली डॉज दाखवून मी विचारले, "आईने सांगितले असेल ना त्या रात्रीचे?" तो हसला. "आई म्हणायची, पेट्रोलच्या वासाने जीव जायची पाळी आलेली. आणि बा म्हणायचा, त्या गाडीपायी रोज दोन माणसं शोधत फिरायला लागायचं."

निघताना म्हणाला, "भाऊ, चिखल्यालाच चाललोय, चला." त्याची गाडी सेकंडहँड, कर्जाचे हप्ते अजून चालू. मी सवयीने मागचे दार उघडले. "मागे कशाला? पुढं बसा की," तो म्हणाला. त्याने किल्ली फिरवली. गाडी एका झटक्यात सुरू झाली. धक्का मारायला कुणाला बोलवावे लागले नाही.