वहीतून जात गेली, मनातून कधी जाणार?

आरोपीच्या नावापुढे त्याची जात लिहायची नाही, असा आदेश उत्तर प्रदेश सरकारने २१ सप्टेंबर २०२५ रोजी लखनौमधून काढला. पोलीस ठाण्याच्या कागदपत्रांतून आणि फलकांवरून जातीचा उल्लेख जाणार, वडिलांच्या नावाबरोबर आईचेही नाव लिहिले जाणार. गाडीच्या काचेवर जात मिरवणाऱ्याला दंड होणार, जातीचा गौरव करणारे फलक उतरवले जाणार आणि जातीच्या नावाने राजकीय मेळावे भरवता येणार नाहीत.

या आदेशामागे अलाहाबाद उच्च न्यायालयाचा पाचच दिवस आधीचा निकाल होता. खटला दारूच्या चोरट्या वाहतुकीचा. कागदपत्रांत आरोपींच्या नावापुढे त्यांच्या जाती लिहिलेल्या. ओळख पटवण्यासाठी त्या लागतात हे पोलिसांचे म्हणणे न्यायालयाला पटले नाही. बोटांचे ठसे आणि आधार क्रमांकाच्या काळात माणूस ओळखायला जात कशाला हवी?

आदेश निघताच राजकारण तापले. हजारो वर्षे मनात साठलेल्या जातिभेदाचे काय करणार, असा सवाल समाजवादी पक्षाचे अखिलेश यादव यांनी केला. सवाल रास्त आहे. पण तो एकट्या सत्ताधाऱ्यांना विचारून भागणार नाही. मतदारसंघात कोणत्या जातीची किती मते, याचा हिशेब मांडूनच तिकिटे वाटण्यात कोणता पक्ष मागे आहे?

पोलिसांच्या लेखी जातीला एवढे वजन का आले, याला इतिहास आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. तो आधी उत्तर भारतात लागू झाला आणि त्यात लखनौचा अवध प्रांतही होता. काही जमातींत जन्माला येणे हाच गुन्हा ठरला. पोलिसांकडे हजेरी द्यायची, परवान्याशिवाय गाव सोडायचे नाही. पुढे या कायद्याचा फास महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींभोवतीही आवळला गेला. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला, पण कपाळीचा शिक्का गेला नाही. तो कसा छळतो हे लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ने आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ने मराठी वाचकांना दाखवले आहे.

हे सारे जुने झाले, असे म्हणण्याची सोय नाही. उत्तर प्रदेशाची तुरुंग नियमावली २०२२ सालची, म्हणजे स्वातंत्र्याला पंचाहत्तर वर्षे झाल्यावरची. तिच्यात एक नियम होता. साध्या कैदेची शिक्षा झालेल्याला हलके समजले जाणारे काम देऊ नये. मात्र तो अशा कामाची सवय असलेल्या समाजातला असेल तर द्यावे! ही सवय कोणी लावली, हे नियम लिहिणाऱ्याने स्वतःला विचारले नाही. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी निरनिराळ्या राज्यांतले असे नियम घटनाबाह्य ठरवले आणि तुरुंगाच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितले.

मग जात सगळीकडूनच पुसून टाकावी काय? नाही. उत्तर प्रदेशाच्या आदेशातही एक अपवाद आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालच्या गुन्ह्यात जात लिहावीच लागते, कारण तिथे माणसाला मारहाण होते ती त्याच्या जातीमुळे. ती लिहिली नाही तर गुन्हाच नाहीसा होईल. आगामी जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी घेतला, तोही याच कारणाने योग्य आहे. कोण मागे राहिले हे मोजल्याशिवाय कळत नाही. माणसाला हिणवण्यासाठी लिहिलेली जात खोडलीच पाहिजे. अन्यायाचा हिशेब मांडण्यासाठी लिहिलेली जात खोडली, तर हिशेब बुडतो.

पाट्यांचे राजकारण लखनौला नवे नाही. तिथल्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठाला मायावती सरकारने छत्रपती शाहूजी महाराजांचे नाव दिले. २०१२ मध्ये अखिलेश यादव यांचे सरकार आले आणि पुन्हा इंग्रज राजाची पाटी लागली. १९०२ मध्ये मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवणाऱ्या कोल्हापूरच्या राजाचे नाव सत्ता बदलताच उतरले. महाराष्ट्र सरकारनेही डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचे ठरवले. निर्णय चांगलाच आहे. पण त्या वस्तीतल्या तरुणाला शहरात भाड्याने खोली मिळते का, हा खरा प्रश्न आहे.

इतिहासाला तोंड देणे इतर देशांनाही जड जाते. गुलामगिरीचा इतिहास शाळेत किती आणि कसा शिकवावा, यावरून अमेरिकेत आजही वाद पेटतात. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केले ते काळ्या लोकांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. दोन्ही दुःखांचे नाते त्यांनी तेव्हाच ओळखले होते. मात्र २००१ मध्ये दरबानला वंशभेदाविरुद्ध जागतिक परिषद भरली, तेव्हा जात म्हणजे वंश नव्हे असे सांगून भारत सरकारने हा विषय तिथे येऊ देण्यास विरोध केला. जात म्हणजे वंश नव्हे, हे डॉ. आंबेडकरांनीही सांगितले होते. पण त्यांनी ते जात मोडण्यासाठी सांगितले, झाकण्यासाठी नव्हे.

सरकारी आदेश पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचतो, घराच्या उंबरठ्याच्या आत येत नाही. तिथे मोलकरणीचा कप वेगळा ठेवलेला असतो. भाडेकरूला आधी आडनाव विचारले जाते आणि त्यावरून अंदाज आला नाही तर “म्हणजे तुम्ही कोण?” असा पुढचा प्रश्न येतो. मुलगी स्वतः पसंत केलेल्या मुलाचे नाव सांगते, तेव्हा त्याच्या शिक्षणाची चौकशी नंतर होते, जातीची आधी. ही नोंद कोणत्याच वहीत नसते, पण मुले ती पाहून पाहून पाठ करतात.

इतिहास घडवणारे गेले. त्याचा फायदा आणि त्याचे ओझे मात्र आजही कुणाकुणाच्या वाट्याला येत आहे. मुलांना ते खरे खरे सांगणे हे आईबापांचे काम आहे. आणि सांगण्यापूर्वी स्वयंपाकघरातला तो वेगळा कप इतर कपांत मिसळून टाकायला कोणत्याही सरकारच्या आदेशाची गरज नाही.