एकीची शर्यत, घराची धावपळ

मागच्या महिन्यात लोणी काळभोरला नणंदेकडे चार दिवस राहून आले. तिची थोरली लेक सायकलच्या शर्यतीत भाग घेते. पहाटे अंधारात, सोलापूर रस्त्यावर, टँकरच्या शेजारून ती सायकल हाणते. ती परत येईपर्यंत नणंदेच्या घशाखाली चहा उतरत नाही. आता प्रशिक्षक म्हणतात, सरावाला बालेवाडीला या. म्हणजे पुण्याच्या या टोकाहून त्या टोकाला! तिकडेच खोली घ्यावी, आईने लेकीजवळ राहावं, असं घरात चाललं होतं. "वहिनी, कुणी केलंय का हो असं?" तिने विचारलं.

मला लिंडसे वॉन आठवली. बर्फाच्या डोंगरावरून पायांना लांब पट्ट्या बांधून घसरत यायचं, तो खेळ तिचा. त्यातली 'डाउनहिल' शर्यत म्हणजे निव्वळ वेग. ताशी सव्वाशे किलोमीटर म्हणा ना, आणि ब्रेक कुठेच नाही!

लिंडसे १९८४ साली अमेरिकेतल्या मिनेसोटात जन्मली. तिच्या जन्माच्या वेळीच आईला पक्षाघाताचा झटका आला. बर्फात लेकीबरोबर खेळणं त्या माउलीच्या नशिबी राहिलं नाही. पोर शिकली ती बक हिल नावाच्या टेकडीवर. उंचीला आपली पर्वतीच समजा. वर जायचं, घसरत खाली यायचं, पुन्हा वर.

पण टेकडीवर वेग येणार कुठला? खरे डोंगर शेकडो मैल दूर, कोलोरॅडोत. काही वर्षं जा-ये करून पाहिली आणि मग सगळं बिऱ्हाडच तिकडे व्हेल गावी नेलं. लिंडसेच्या पाठीवर चार भावंडं, त्यांतली धाकटी तीन म्हणजे तिळी! त्या बाईने सामान कसं बांधलं असेल, माझ्या तर डोळ्यांपुढेच येईना.

फळ मिळालं, यात शंका नाही. १७ व्या वर्षी, २००२ मध्ये, ती हिवाळी ऑलिंपिकला गेली. २००६ ला इटलीत सरावात अशी आपटली, की हेलिकॉप्टरने इस्पितळात न्यावं लागलं. दोनच दिवसांनी पुन्हा उतरली आणि आठवी आली! २०१० ला व्हँकुव्हरच्या ऑलिंपिकमध्ये डाउनहिलचं सुवर्णपदक मिळवलं. अमेरिकन बाईला ते पहिलंच. २०१९ मध्ये थांबली तेव्हा विश्वचषकाच्या ८२ शर्यती जिंकून झाल्या होत्या. गुडघ्यांचे मात्र हाल झाले. पुढे एक गुडघा काही अंशी कृत्रिम बसवून घेतला, आणि २०२४ मध्ये बाईसाहेब पुन्हा बर्फावर हजर!

मला राहून राहून वाटतं ते त्या चार भावंडांचं. आपल्यापायी त्यांचे मित्र सुटले, याचं अपराध्यासारखं वाटायचं, हे लिंडसेनेच पुढे बोलून दाखवलं आहे. आईबाप हे सांगत नाहीत, आणि पदकांच्या यादीत ते येत नाही.

म्हणून नणंदेला म्हटलं, खोलीची अनामत लगेच भरू नकोस. एक मोसम जा-ये करून पाहा. वही घाल, त्यात पेट्रोल, खुराक, टायर, सगळं लिही. पोरीच्या झोपेचे तासही लिही. हेल्मेट उत्तमातलं घे, तिथे काटकसर नको. सासूबाईंची औषधं कोण देणार, हे नवऱ्याला आताच विचार. "बघू" म्हणाला तर ते उत्तर धरू नकोस.

धाकटा नववीत आहे. तो जेवणाच्या ताटावर मान खाली घालून बसला होता. त्याला विचारलं, "तुझं काय रे?"

"आई तिकडे गेली तर माझा डबा कोण करणार, एवढंच," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "मला विचारलंच नाही कुणी."

नणंदेने हातातली पोळी तव्यावरच ठेवली आणि त्याच्याजवळ येऊन बसली. पोळी करपली.