लग्नानंतरची नूतन

नायिकेच्या लग्नाला सगळी चित्रपटसृष्टी येते, अक्षता टाकते, पंगतीत जेवते आणि घरी गेल्यावर पुढच्या चित्रपटांच्या यादीतून तिचे नाव खोडते. हिंदी सिनेमाचा हा शिरस्ता पुष्कळ वर्षे चालला. नर्गिसने १९५८ मध्ये सुनील दत्तशी लग्न केले आणि ती जवळजवळ निवृत्तच झाली. वैजयंतीमालाने १९६८ मध्ये विवाह केला आणि पाठोपाठ पडदाही सोडला. १९८० मध्ये नीतू सिंगचे लग्न झाले तेव्हा ती अवघी एकवीस वर्षांची होती. हातातली कामे संपवून तीही दिसेनाशी झाली. यातल्या काहींनी हा निर्णय आनंदाने घेतला असेल, त्याबद्दल आपण बोलणारे कोण? पण 'आता ती संसारात रमली' हे कौतुकाचे वाक्य नायिकेच्याच वाट्याला यावे, नायकाच्या कधीच येऊ नये, यातली गोम लक्षात घ्यायला हवी.

या शिरस्त्याला कसलाही गाजावाजा न करता छेद देणारी अभिनेत्री म्हणजे नूतन. ११ ऑक्टोबर १९५९ रोजी तिने नौदलातील अधिकारी रजनीश बहल यांच्याशी लग्न केले. वय तेवीस. 'सीमा' आणि 'सुजाता' पदरात होते. त्याच वर्षी राज कपूरबरोबरचा 'अनाडी' गाजला होता. रीतीप्रमाणे तिचा निरोपसमारंभ व्हायचा. झाले उलटेच. नूतनला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे 'फिल्मफेअर' पारितोषिक एकूण पाच वेळा मिळाले. त्यांपैकी 'सीमा' आणि 'सुजाता' हे चित्रपट लग्नाआधीचे. 'बंदिनी', 'मिलन' आणि 'मैं तुलसी तेरे आंगन की' हे तीन लग्नानंतरचे. पारितोषिके म्हणजे सर्वस्व नव्हे. पण विवाहित नायिका प्रेक्षकांना चालत नाही, असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांना हा हिशेब पुरेसा आहे.

खरे म्हणजे नूतनला हे कोणी नव्याने शिकवायची गरज नव्हती. ४ जून १९३६ रोजी ती जन्मली ती शोभना समर्थ आणि दिग्दर्शक कुमारसेन समर्थ यांच्या घरात. विजय भट्टांच्या 'रामराज्य'मध्ये १९४३ साली शोभनाबाईंनी सीता साकारली तेव्हा त्या चांगल्या लेकुरवाळ्या होत्या. घरोघरच्या भिंतींवर त्यांची सीता कॅलेंडरांतून लागली. ही सीता मुलाबाळांची आई आहे म्हणून कोणाची भक्ती आटली नाही. त्याआधी 'अयोध्येचा राजा'मध्ये तारामती रंगवणाऱ्या दुर्गाबाई खोटे यांनाही मुले होती. म्हणजे 'लग्न झाले की संपले' ही काही आपली पुरातन परंपरा नव्हे. ती पुढे बाजाराने पाडलेली सवय आहे आणि बाजाराच्या सवयींना संस्कृतीचे नाव देण्यात आपण तरबेज आहोत.

शोभनाबाईंनी १९५० मध्ये स्वतः दिग्दर्शित केलेल्या 'हमारी बेटी'तून नूतनला पडद्यावर आणले. शेलाटी, उंच, अवघडलेली मुलगी. त्या काळच्या गुबगुबीत सौंदर्याच्या कल्पनेत ती बसत नव्हती. अमिय चक्रवर्तींच्या 'सीमा'ने १९५५ मध्ये चित्र पालटले. सुधारगृहात आलेली, अन्यायाने धुमसणारी गौरी तिने अशी उभी केली की समोरच्या बलराज सहानींच्या शांतपणालाही धार आली. बिमल रॉय यांच्या 'सुजाता'त तर तिला बोलायला फारसे नाहीच. उच्चवर्णीय कुटुंबात वाढलेली, पण 'मुलगी' न म्हणवता 'मुलीसारखी' म्हणवली जाणारी अस्पृश्य समाजातली सुजाता. त्या 'सारखी'ची बोच नूतनच्या खाली वळलेल्या नजरेतून कळते. घरात वाढवलेल्या परक्या पोरीला आपण कसे वागवतो, हा प्रश्न तिने शब्दावाचून विचारला.

आणि मग १९६३ मधला 'बंदिनी'. दिग्दर्शक पुन्हा बिमल रॉय. प्रियकराच्या पत्नीला विष देऊन तुरुंगात आलेली कल्याणी. ज्या क्षणी खुनाचा विचार तिच्या मनात शिरतो, त्या क्षणी बाहेर लोखंडावर घाव पडत असतात आणि वेल्डिंगच्या उजेडाची उघडझाप तिच्या चेहऱ्यावर होत असते. संवाद नाही, आक्रोश नाही. एका सोशिक बाईचे अपराधी बाईत झालेले रूपांतर केवळ त्या चेहऱ्यावर वाचायचे. विशीतल्या अवखळ नायिकेकडून हे काम झाले असते का? आयुष्याची थोडी झळ लागलेली, संसारात पडलेली स्त्रीच हे करू जाणे. लग्नाने नूतनचे काही उणे झाले नाही; उलट तिच्या अभिनयाला खोली आली. त्याच वर्षी 'तेरे घर के सामने'मध्ये देव आनंदबरोबर ती तितक्याच सहजतेने हसली-खेळली, हेही विसरू नये.

पण हा विजय पुरा होता असे म्हणता येणार नाही. लग्नाचा अडसर तिने ओलांडला. वयाचा ओलांडू दिला गेला नाही. १९७३ च्या 'सौदागर'मध्ये गूळ करणारी कष्टाळू बाई तिने अमिताभ बच्चनसमोर रंगवली. त्यानंतर मात्र नायिकेची दारे मिटत गेली. १९७८ या एकाच वर्षाकडे पाहा. चंद्रकांत काकोडकरांच्या मराठी कादंबरीवरून निघालेल्या 'मैं तुलसी तेरे आंगन की'मध्ये बेचाळिशीतली नूतन तरण्याताठ्या मुलांची आई होती. तिच्याहून तेरा वर्षांनी मोठा देव आनंद त्याच वर्षी 'देस परदेस'मध्ये नवख्या टीना मुनीमचा नायक होता! आईच्या भूमिकेतही नूतनने पारितोषिक मिळवले, हा तिचा मोठेपणा. पुढे १९८५ च्या 'मेरी जंग'मध्ये पतीच्या फाशीने भान हरपलेली आई तिने केली, तेव्हा सहाय्यक अभिनेत्रीचा मान मिळाला. नायकाला पन्नाशीतही प्रेमगीत आणि नायिकेला चाळिशीतच वत्सल अश्रू, ही वाटणी मात्र तिच्या गुणांनाही मोडता आली नाही.

तिच्या आयुष्याला आणखी एक दुखरी बाजू होती. पैशांच्या व्यवहारावरून मायलेकींत बेबनाव झाला, प्रकरण कोर्टापर्यंत गेले आणि सुमारे वीस वर्षांनी, १९८३ मध्ये, दोघींचा समेट झाला. कोण किती चुकले याचा निवाडा करण्याचे आपल्याला कारण नाही. पण मिळवत्या मुलीच्या कमाईचा हिशेब कोणी ठेवायचा, हा प्रश्न काही फक्त सिनेमावाल्यांच्या बंगल्यात उद्भवत नाही. दोन खोल्यांच्या घरातही लेक पगाराचे पाकीट आणते, तेव्हा तो दाराशी उभाच असतो. माहेरी तो विचारला की मुलगी स्वार्थी ठरते आणि सासरी विचारला की सून आगाऊ.

२१ फेब्रुवारी १९९१ रोजी कर्करोगाने नूतन गेली, तेव्हा ती चोपन्न वर्षांची होती. पाच पारितोषिकांचा तिचा विक्रम तीन दशकांहून अधिक काळ अबाधित राहिला. २०११ मध्ये त्याची बरोबरी केली ती तिच्या बहिणीच्या, तनुजाच्या मुलीने, काजोलने; आणि गंमत म्हणजे काजोलच्याही पाचांतली तीन पारितोषिके लग्नानंतरच्या चित्रपटांसाठीच आहेत. मावशीने पाडलेली वाट भाचीला उपयोगी पडली, असे म्हणायला हरकत नाही.

प्रश्न उरतो तो आपला. मुलगी पाहायला आलेली मंडळी आजही पोह्यांची बशी हातात घेऊन विचारतात, 'लग्नानंतर नोकरीचे काय?' मुलाला हा प्रश्न कोणी विचारत नाही. नूतनचे चित्रपट पाहून डोळे पुसणाऱ्या घरांत तरी तो विचारण्याआधी क्षणभर थांबायला हवे. तिने लग्नानंतर काम सोडले असते, तर 'बंदिनी'तली कल्याणी आपल्याला भेटलीच नसती. आपल्या घरात आलेल्या सुनेकडून असे काय काय व्हायचे राहून गेले, याचा हिशेब मात्र कुठल्याच पारितोषिकांच्या यादीत सापडत नाही.