विश्लेषण : छोट्या बोटीवर बटणाने उघडणारे छत कितपत उपयोगाचे?

बटण दाबताच उघडणारे आणि मिटणारे कापडी छत अमेरिकेतील तलावांवर फिरणाऱ्या सहलीच्या बोटींवर आता सर्रास दिसते. उन्हापासून सुटका आणि तीही हात न लावता, हे त्याचे आकर्षण. मात्र छत उघडण्याची सोय आणि ते वेळेत मिटण्याची खात्री या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोट जितकी लहान, तितका हा फरक मोठा होत जातो.

हे छत नेमके काय असते?

बोटीच्या दोन्ही कडांना बिजागरीने जोडलेल्या ॲल्युमिनियम किंवा स्टेनलेस स्टीलच्या नळ्या आणि त्यांवर ताणलेले कापड, अशी त्याची साधी रचना. पुढून, मागून आणि बाजूंनी ते मोकळे असते. त्याला ‘बिमिनी’ म्हणतात. बहामातील बिमिनी बेटांशी या नावाचा संबंध जोडला जातो. साध्या बिमिनीला उघडताना पट्टे ताणावे लागतात, खिळी बसवाव्या लागतात. मोठे छत असेल तर दोन माणसे लागतात. मोटरच्या छतात हेच काम 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा दांडा करतो. मोटर फिरली की तो लांब होतो आणि नळ्या उभ्या राहतात, उलट फिरली की छत मिटते. साधे छत काही शे डॉलरमध्ये मिळते, मोटरचे छत काही हजार डॉलरपर्यंत जाते.

बॅटरी उतरण्याची भीती कितपत खरी?

ग्राहकाच्या मनात पहिली शंका हीच येते आणि तीच सर्वांत कमी महत्त्वाची आहे. मोटरने 20 ॲम्पिअर वीज एक मिनिट ओढली असे धरले, तरी खर्च होतो एक तृतीयांश ॲम्पिअर-तास. दिवसातून दहा वेळा छत उघडले-मिटले तरी 100 ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीतील तीन-साडेतीन टक्केच वीज जाते. अडचण बॅटरीच्या क्षमतेची नसून जोडणीची असते. पाण्याजवळच्या दमट हवेत तारांची टोके गंजतात, फ्यूज उडतो, स्विचमध्ये ओल शिरते. नेमके त्याच वेळी छत अर्धवट उघडे राहिले, तर पुढचा प्रश्न वाऱ्याचा असतो.

वाऱ्याचा जोर किती धोक्याचा?

पूर्ण उघडलेले छत बरेचसे आडवे असते, पूर्ण मिटलेले छत वाऱ्याला फारसे सापडत नाही. उघडता-मिटताना मात्र कापड तिरके उभे राहते आणि शिडासारखे वागते. दोन चौरस मीटर कापड वाऱ्यासमोर आले आणि वारा ताशी 40 किमीचा असेल, तर त्यावर साधारण 15 ते 20 किलो वजनाइतका रेटा पडतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की हा रेटा चौपट होतो. शिवाय बोटीचा स्वतःचा वेगही यात मिळतो. ताशी 40 किमीने धावणारी बोट ताशी 20 किमीच्या वाऱ्याला सामोरी गेली, तर छताच्या दृष्टीने तो ताशी 60 किमीचा वारा असतो. म्हणूनच छत हलवण्याआधी बोटीचा वेग कमी करणे आवश्यक असते. बटण हाताशी आहे म्हणून धावत्या बोटीत ते दाबण्याचा मोह होतो, आणि नळ्या वाकण्याला तेवढे पुरते.

लहान बोटीवर वजनाचा प्रश्न का?

तलावावरची पाँटून बोट दोन किंवा तीन रुंद ॲल्युमिनियम नळकांड्यांवर तरंगते. तिचा तळ सपाट आणि पसरट असल्याने डोक्यावरचे वजन तिला सोसते. चौदा-पंधरा फुटी निमुळत्या बोटीचे तसे नसते. मोटर, दांडे आणि त्यांना पेलणाऱ्या जाड नळ्या यांचे वजन उंचावर येते. त्यात चार माणसे एकाच बाजूला सरकली की बोट अधिक कलते. अमेरिकेत 20 फुटांपेक्षा लहान, एकाच सांगाड्याच्या मोटरबोटींवर माणसे, इंजिन आणि सामान मिळून किती भार चालेल याची पाटी लावणे बंधनकारक आहे. नंतर बसवलेले जड छत त्या हिशेबातूनच वजा होते. मागच्या खांबावरचा पांढरा दिवा छताने झाकला जाणार नाही ना, हेही पाहावे लागते. रात्री दुसऱ्या बोटीला तो चहूबाजूंनी दिसायला हवा.

छत जिवावर कधी बेतते?

याचे उत्तर सहलीच्या छोट्या बोटींवर नव्हे, तर प्रवासी वाहून नेणाऱ्या, जमिनीवर आणि पाण्यात चालणाऱ्या ‘डक’ वाहनांवर मिळाले. 1 मे 1999 रोजी अमेरिकेतील आर्कान्सामध्ये लेक हॅमिल्टनवर असे वाहन बुडाले आणि 13 जणांचा मृत्यू झाला. काही प्रवासी छताखालीच अडकले होते. त्यानंतर तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने अशा वाहनांवरील छते काढण्याची सूचना केली. ती सर्वत्र पाळली गेली नाही. 19 जुलै 2018 रोजी मिसुरीतील टेबल रॉक लेकवर वादळात दुसरे वाहन बुडाले, 17 जणांचे प्राण गेले. छत आणि बाजूचे पडदे यांमुळे सुटकेला अडथळा झाल्याचे तपासात पुढे आले. अखेर डिसेंबर 2022 मधील कायद्याने, छत काढा किंवा बाजूने आणि वरून बाहेर पडता येईल असेच छत लावा, असा दंडक आला. वाहन वेगळे असले तरी धडा तोच आहे. जीवरक्षक जाकीट माणसाला वर ढकलते. वर घट्ट छत असेल, तर तेच जाकीट त्याला छताला चिकटवून ठेवते.

मग मोटरचे छत निरुपयोगी का?

तसे नाही. एकट्याने बोट चालवणाऱ्याला हाताचे छत मिटण्यासाठी सुकाणू सोडावे लागते. गुडघे किंवा खांदे दुखणाऱ्या ज्येष्ठाला ते झेपत नाही. काम कटकटीचे असले की माणूस ‘थोड्या वेळाने मिटू’ म्हणतो आणि तेवढ्यात वारा येतो. ढग भरून येताच बटणावर छत मिटत असेल, तर ती केवळ चैन राहत नाही, सुरक्षेची सोय ठरते. गोड्या पाण्याच्या शांत तलावावर, वीस फुटांहून मोठ्या रुंद बोटीसाठी हा खर्च पटण्याजोगा आहे.

आपल्याकडे काय लागू पडेल?

तारकर्ली-देवबागची खाडी असो वा तापोळ्याचा शिवसागर जलाशय, पर्यटकांना फिरवणाऱ्या बोटींवर सावली हवीच. पण कोकणात खारी हवा आहे आणि ॲल्युमिनियम व स्टील एकमेकांना टेकतात तेथे ती गंज लवकर आणते. ओले कापड तसेच मिटून पिशवीत गेले की बुरशी धरते. एप्रिल-मेमध्ये वळवाच्या पावसाआधी सोसाट्याचा वारा सूचना न देता उठतो. फाटलेले कापड गावातला शिंपी शिवून देतो, वाकलेली नळी वेल्डिंगवाला सरळ करतो. मोटरच्या दांड्याचा सुटा भाग मात्र शहरातून येईपर्यंत ऐन हंगामातले दिवस जातात. अशा ठिकाणी चांगल्या कापडाचे, हलक्या नळ्यांचे, एका माणसाला मिटता येणारे छत तांडेलाला अधिक परवडते.

घ्यायचेच असेल तर काय तपासावे?

दुकानात विक्रेता छत उघडून दाखवतो. ग्राहकाने ते मिटून दाखवायला सांगावे, तेही बॅटरीची तार काढून. मोटर बंद असताना एका माणसाला, अवजार न शोधता, एक-दोन मिनिटांत छत खाली आणता येत असेल तरच ते बोटीवर बसवण्यालायक समजावे. स्वतंत्र फ्यूज, ओल न शिरणारा स्विच, बाजूंनी मोकळी वाट आणि पाटीवरील भारात बसणारे वजन या त्यानंतरच्या अटी. पंधरा फुटांच्या बोटीला यातील बहुतेक अटी पाळणे जड जाते. तिथे दोन हात आणि चार पट्टे हीच आजही अधिक व्यवहार्य यंत्रणा आहे.